रात्रीचा रेल्वेप्रवास : तिकीट, आरक्षण आणि झोपायची जागा

आपल्या अमडापूरला रेल्वे नाही. तरीही रात्रीच्या गाडीने मुंबई, पुणे किंवा नागपूर गाठले नाही असे घर गावात शोधून सापडायचे नाही. कोणी भरतीच्या परीक्षेला जातो, कोणी वसतिगृहातून सुटीत घरी येतो, कोणी घरातल्या आजारी माणसाला घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलची वाट धरतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तर अर्धी वस्ती दादरला निघालेली असते. इतका प्रवास करूनही तिकिटाबाबत आपल्याकडे मोठे अज्ञान आहे, आणि त्याचा फटका बहुधा विद्यार्थ्यांनाच बसतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने चार कामाच्या गोष्टी लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारचा एक मुलगा मुंबईला परीक्षेसाठी निघाला. तिकीट तालुक्याच्या गावातील एका दुकानातून काढलेले होते. कागदावर गाडीचे नाव होते, मुलाचे नाव होते, पैसे भरल्याची नोंद होती. त्या पोराने आणि त्याच्या वडिलांनी ते तिकीट पक्के समजले. नावापुढे ‘वेटिंग’ छापलेले होते, पण दुकानदाराने सांगितले, “होऊन जाते.” झाले नाही. चार्ट लागला तेव्हा तिकीट आपोआप रद्द झाले होते. मुलगा तसाच डब्यात चढला, टीसीने भुसावळच्या अलीकडे त्याला विनातिकीट ठरवून दंड घेतला आणि पुढच्या स्थानकावर जनरल डब्यात जायला सांगितले. रात्रभर दाराजवळ उभा राहून तो सकाळी परीक्षा केंद्रावर पोहोचला. पेपर कसा गेला हे त्याने कधी सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्या घरात कोणी आळशी नव्हते की बेफिकीर नव्हते. तिकिटावरची तीन अक्षरे वाचून सांगणारे तेवढे कोणी भेटले नव्हते.

आता आपल्या सोयीची स्थानके पाहू. अमडापूरहून खामगाव, आणि खामगावहून शेगाव, नांदुरा किंवा जलंब असा आपला नेहमीचा रस्ता. मुंबई-नागपूर-हावडा हा मुख्य मार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, अकोला असा जातो. खामगाव या मार्गावर नाही, ते जलंबहून निघालेल्या छोट्या फाट्यावर आहे. कापसाच्या बाजारासाठी तो फाटा १८७० साली टाकला गेला. म्हणजे कापसाला रेल्वे मिळाली, चिखलीला अजून मिळायची आहे! खामगाव-जालना मार्गाची मागणी किती जुनी आहे हे जुनी मंडळी जाणतात. चिखलीकडील लोकांना जालना स्थानकही जवळ पडते आणि मराठवाड्यातून मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या तेथे मिळतात. परंतु अमडापूरकरांच्या दृष्टीने शेगाव हेच खरे स्थानक, कारण बहुतेक उपयोगाच्या गाड्या तेथे थांबतात. मुंबईसाठी विदर्भ एक्सप्रेस व अमरावती-मुंबई एक्सप्रेस, पुण्यासाठी आझाद हिंद व महाराष्ट्र एक्सप्रेस ही नावे आपल्या परिचयाची आहेत. वेळा बदलत असतात, त्या निघण्यापूर्वी पाहाव्यात.

स्लीपर म्हणजे शयनयान डबा. आज त्यात जी गादी आहे ती पूर्वी नव्हती. दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाने उघड्या लाकडी फळीवर झोपावे अशीच रीत होती. मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना त्यांनी या फळ्यांवर दोन इंची फोम बसवायला सुरुवात केली. १९७७ साली सुरू झालेली, वर्गभेद नसलेली गीतांजली एक्सप्रेस ही त्यांचीच कल्पना, आणि ती आपल्याच मार्गावरून धावते. गरीब माणसाच्या पाठीचा विचार करणारा मंत्री म्हणून मला त्यांचे नाव येथे घ्यावेसे वाटले.

डब्यात शिरल्यावर आपली जागा शोधण्याची एक सोपी युक्ती विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. जुन्या डब्यात ७२ आणि नव्या एलएचबी डब्यात ८० बर्थ असतात. दोन्हीत आठ-आठांचे कप्पे असतात. आपल्या बर्थच्या क्रमांकाला आठने भागावे. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा बर्थ, २ किंवा ५ तर मधला, ३ किंवा ६ तर वरचा, ७ उरली तर बाजूचा खालचा आणि बाकी शून्य आली तर बाजूचा वरचा. ४३ क्रमांक मिळाला तर बाकी ३, म्हणजे वरचा. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढ्याच वेळेत उघडायचा असतो. इतर वेळी खालच्या बर्थवर सर्वांनी बसायचे. या एका नियमावरून डब्यात जितकी भांडणे होतात तितकी दुसऱ्या कशावरून होत नसतील.

तिकीट दोन रीतींनी निघते. एक, स्थानकावरील आरक्षण खिडकीवर अर्ज भरून. एका अर्जावर सहाच नावे चालतात. कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही स्थानकाचे तिकीट मिळते, त्यासाठी त्याच गावी जावे लागत नाही. दुसरी रीत आयआरसीटीसीची, म्हणजे मोबाईलवरून. तेथे स्लीपरच्या तिकिटावर सेवाशुल्क १० ते १५ रुपये आणि त्यावर कर, एवढेच लागते. अधिकृत एजंटाला स्लीपरच्या तिकिटामागे २० रुपये सेवाशुल्क घेता येते. आपल्याकडे काही ठिकाणी माणशी शंभर-दोनशे उकळले जातात, तेही स्वतःच्या खासगी खात्यावरून तिकीट काढून. तसा धंदा करणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे गुन्हा आहे. त्यात तिकीटही जप्त होते आणि ऐन वेळी प्रवासी उघडा पडतो. घरात एक तरी शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल, त्यांनीच स्वतःचे खाते काढून ते आधारशी जोडून ठेवावे.

आरक्षण किती दिवस आधी उघडते? पूर्वी १२० दिवस होते. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले, आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. म्हणजे ५ डिसेंबरच्या गाडीचे आरक्षण ६ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता उघडते. १ ऑक्टोबर २०२५ पासून मोबाईलवरील आरक्षणात पहिली पंधरा मिनिटे केवळ आधार पडताळणी झालेल्या खात्यांसाठी राखली गेली. खाते आधारशी जोडून ठेवा असे मी वर म्हटले ते याचसाठी.

आता मुख्य गोष्ट. तिकिटावर नावापुढे तीनपैकी एक शब्द असतो. ‘कन्फर्म’ म्हणजे डबा आणि बर्थ दोन्ही मिळाले. ‘आरएसी’ म्हणजे डब्यात बसण्याचा हक्क मिळाला, पण बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनी अर्धे-अर्धे बसायचे. कोणी आला नाही की पूर्ण बर्थ मिळतो. आरएसीवाल्याने खुशाल निघावे, त्याला डब्यातून कोणी उतरवू शकत नाही. तिसरा शब्द ‘वेटिंग’. वेटिंग म्हणजे रांग. जागा नव्हे.

ही रांगही एक नसते. गाडी जेथून सुटते तेथून किंवा त्याच्या जवळून लांब जाणाऱ्यांची रांग जीएनडब्ल्यूएल. ती सर्वांत लवकर सरकते. मधल्या छोट्या-मोठ्या स्थानकांसाठी सामायिक कोटा असतो, त्याची रांग पीक्यूडब्ल्यूएल. मधल्या महत्त्वाच्या स्थानकांच्या स्वतंत्र कोट्याची रांग आरएलडब्ल्यूएल. या दोन्ही मुळात कमी जागांच्या असल्याने हळू सरकतात. आपण शेगाव-मलकापूरची माणसे गाडीच्या मध्येच चढणारी, त्यामुळे आपल्या वाट्याला पुष्कळदा या हळू रांगाच येतात. जीएनडब्ल्यूएल ३० पक्के होईल, पण पीक्यूडब्ल्यूएल १२ राहून जाईल, असे घडते. तेव्हा वेटिंगचा आकडा पाहण्याआधी त्याच्या पुढची इंग्रजी अक्षरे पाहावीत. तिकिटावर दोन आकडे दिसले तर पहिला तिकीट काढतानाचा आणि दुसरा आजचा.

यावर एक सरळ आणि नियमातील उपाय आहे. अमरावती-मुंबई गाडीला शेगावहून जागा नसेल तर अमरावतीहून मुंबईपर्यंतचे तिकीट पाहावे. सुटण्याच्या स्थानकाच्या कोट्यात पुष्कळदा जागा शिल्लक असते. तिकीट काढताना चढण्याचे स्थानक मात्र शेगाव नोंदवावे. भाडे अमरावतीपासूनचे पडेल, ते थोडे जास्त असते. पण चढण्याचे स्थानक नोंदवायचे राहिले आणि आपण अमरावतीला दिसलो नाही, तर टीसी ती जागा आरएसीवाल्यास देऊ शकतो, आणि मग शेगावला चढून वाद घालण्यात अर्थ नसतो. हे स्थानक नंतरही बदलता येते, पण चार्ट तयार होण्यापूर्वी.

वेटिंग शेवटपर्यंत राहिले तर काय, यात खिडकीचे तिकीट आणि मोबाईलचे तिकीट यांत फरक आहे. मोबाईलच्या तिकिटावरील सर्वच नावे वेटिंगमध्ये राहिली तर ते तिकीट चार्ट लागताच आपोआप रद्द होते आणि थोडी कपात होऊन पैसे खात्यावर परत येतात. त्यानंतर ते तिकीट नसतेच. त्या कागदावर जनरल डब्यातही बसता येत नाही. शेजारच्या मुलाचे नेमके हेच झाले. खिडकीवरच्या तिकिटाचे पैसे आपोआप परत येत नाहीत, गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत ते रद्द करावे लागते. ते वेटिंग तिकीट घेऊन जनरल डब्यातून जाता येते, स्लीपरमधून नाही. एकाच तिकिटावर काही नावे पक्की आणि काही वेटिंग असतील तर सर्वांना जाता येते, मात्र जागा पक्क्या नावांपुरतीच.

चार्ट पूर्वी गाडी सुटण्याच्या चार तास आधी लागत असे. २०२५ मध्ये ही वेळ आठ तास आणि त्याहूनही अलीकडे नेण्यात आली. आपल्यासारख्या आडगावच्या लोकांसाठी ही फारच चांगली गोष्ट झाली. पूर्वी चार्ट लागायचा तेव्हा माणूस पेटी-वळकटी घेऊन खामगावच्या एसटीत बसलेला असायचा. आता संध्याकाळच्या गाडीचे भवितव्य घरातच कळते आणि रातराणीचा किंवा दुसऱ्या गाडीचा विचार करायला वेळ मिळतो. तिकिटावरचा दहा आकडी पीएनआर क्रमांक घेऊन १३९ वर चौकशी करता येते.

दुसरी फसगत तारखेची. रेल्वेचा दिवस रात्री १२ वाजता बदलतो, आपला दिवस मात्र झोपून उठल्यावर बदलतो! मुंबईहून संध्याकाळी सुटणारी विदर्भ एक्सप्रेस आपल्या भागात मध्यरात्रीनंतर येते. समजा, ५ तारखेला नागपूरला काम आहे. तर शेगावहून तिकीट ५ तारखेचेच हवे, पण घरून निघायचे ४ तारखेच्या दिवसाउजेडी. ५ तारखेचे तिकीट घेऊन ५ तारखेच्या रात्री स्थानकावर आलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांची गाडी आदल्या पहाटेच गेलेली असते. आणि आरक्षणाचे दिवस मोजताना हिशेब गाडीच्या सुटण्याच्या तारखेपासून होतो, आपल्या स्थानकावर येण्याच्या तारखेपासून नव्हे. वरच्या उदाहरणात गाडी मुंबईहून ४ तारखेला सुटते, म्हणून तिचे तत्काळ आरक्षण ३ तारखेला उघडेल. ४ तारखेला सकाळी जो जाईल त्याला आदल्या दिवशीचे उरलेसुरले मिळेल.

तत्काळबद्दल थोडक्यात. गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गाचे १० वाजता आणि स्लीपरचे ११ वाजता उघडते. स्लीपरला जादा आकार कमीत कमी १०० आणि जास्तीत जास्त २०० रुपये. १ जुलै २०२५ पासून मोबाईलवर आधार पडताळणीशिवाय तत्काळ तिकीट निघत नाही. पहिला अर्धा तास एजंटांना बंदी आहे. पक्के झालेले तत्काळ तिकीट रद्द केले तर पैसे परत मिळत नाहीत, आणि तत्काळमध्ये कोणतीही सवलत चालत नाही. तत्काळच्या वेटिंगला आरएसीची मधली पायरी नसते. परीक्षेची तारीख महिनाभर आधी कळलेली असताना तत्काळवर विसंबणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

सवलतींविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या हक्काच्या असूनही वापरल्या जात नाहीत. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. खालचा बर्थ देताना त्यांना व ४५ वर्षांवरील स्त्रियांना प्राधान्य मिळते, एवढेच उरले आहे. विद्यार्थ्यांची सवलत चालू राहिली. सुटीत शिक्षणाच्या ठिकाणाहून स्वतःच्या गावी जाण्यायेण्यासाठी आणि शैक्षणिक सहलीसाठी सर्वसाधारण विद्यार्थ्यास दुसऱ्या वर्गात व स्लीपरमध्ये मूळ भाड्यात ५० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यास ७५ टक्के सवलत आहे. केंद्राच्या १९९० च्या कायद्याने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या लोकांना ते हक्क कायम मिळाले, म्हणून आपल्या मुलांनाही ७५ टक्क्यांचाच लाभ आहे. यासाठी महाविद्यालयाच्या किंवा शाळेच्या प्रमुखांच्या सहीचा सवलतीचा अर्ज लागतो आणि तिकीट खिडकीवरच काढावे लागते, मोबाईलवर नाही. कार्यालयातील कारकून “असे काही नसते” म्हणाला तर मुलांनी गप्प परत फिरू नये, प्राचार्यांना भेटावे. पुणे-मुंबईच्या वसतिगृहांत राहणारी आपली किती मुले पूर्ण भाडे भरून दिवाळीला घरी येतात, याचे मला वाईट वाटते.

कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपरमध्ये व वातानुकूलित तिसऱ्या वर्गात मूळ भाडे पूर्ण माफ आहे आणि सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गांत ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. पहिल्या फेरीला ते जवळ नसते, पण परतताना रुग्णालयातून मागून घ्यावे म्हणजे पुढच्या प्रत्येक फेरीला उपयोगी पडते.

घरातील एकाचे जाणे रद्द झाले तर पक्के तिकीट वाया घालवू नये. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी यांच्या नावे ते गाडी सुटण्याच्या २४ तास आधी खिडकीवर अर्ज देऊन बदलून मिळते. विद्यार्थ्यांच्या गटात संस्थाप्रमुखाच्या पत्रावर ४८ तास आधी एकाऐवजी दुसऱ्याचे नाव घालता येते. असा बदल एकदाच होतो. दिराच्या तिकिटावर भावजय किंवा शेजाऱ्याच्या तिकिटावर शेजारी हे मात्र चालत नाही. टीसी मूळ ओळखपत्र पाहतो.

राहिला ६ डिसेंबरचा प्रवास. मध्य रेल्वे दरवर्षी या दिवसांसाठी नागपूरकडून मुंबईला आणि परत अनारक्षित विशेष गाड्या सोडते. त्यांना साधे जनरल तिकीट पुरते. दोनशे किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाचे असे तिकीट तीन दिवस आधीपासून मिळते आणि शेगाव ते मुंबई अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणून ते आधी काढून ठेवावे. तरुणांनी या गाड्यांनी जावे. परंतु म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया आणि आजारी माणसे यांच्यासाठी ६ ऑक्टोबरच्या सकाळीच नेहमीच्या गाडीचे स्लीपर आरक्षण करावे, आणि परतीचे त्याहून आधी मनात धरावे. जाताना उत्साह असतो, माणूस दाराशी उभा राहूनही जातो. खरे हाल परतीच्या रात्री होतात, दोन दिवसांचे जागरण आणि पायपीट झाल्यावर. ६ डिसेंबरच्या रात्री मुंबईहून सुटणाऱ्या गाडीचे आरक्षण ७ ऑक्टोबरला उघडते. संस्थेच्या सभासदांपैकी दोघा-तिघांनी प्रत्येकी सहा नावांचा अर्ज घेऊन त्या दोन सकाळी शेगावच्या खिडकीवर उभे राहायचे ठरवले, तर वस्तीतील सर्व वृद्ध मंडळी झोपून जाऊन झोपून परत येतील. अर्जावर प्रत्येकाचे वय आणि ‘खालचा बर्थ हवा’ ही पसंती लिहायला विसरू नये. एका अर्जावर सहा म्हातारी माणसे एकदम लिहिली तर सर्वांना खालचा बर्थ मिळणे अवघड असते, दोन-दोनांचे वेगळे तिकीट काढले तर शक्यता वाढते.